यशोदाची मांडणी

गिरधरचं लग्न झालं तेव्हा त्याला चित्रकलेतलं बरंच काही येत होतं, बायकोशी बोलणं मात्र अजिबात येत नव्हतं.

तो जळगावात एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. मुंबईच्या कलाशाळेत दोन वर्षं काढून, परीक्षा देऊन आलेला. दोंडाईच्या स्टेशनापासून दोन कोसांवर पिंपळखेड्यात घरची शेती होती. कपाशी, ज्वारी आणि मिरची. ती थोरला भाऊ भिकन बघायचा. वडील वारलेले. घर आईच्या, ताईबाईच्या हातात होतं आणि तो हात चांगला घट्ट होता. १९२६च्या वैशाखात शिरपूरकडच्या वना पाटलांची यशोदा सून होऊन आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ताईबाईने सांगून टाकलं, "वरीसभर तं हाई आठेच ऱ्हाई. घरनी रीत समजू दे. मंग लई जाय तुना जळगावले."

आईपुढे बोलायची घरात कुणाची टाप नव्हती. गिरधर जळगावच्या आपल्या खोलीवर परत गेला. एक आड एक शनिवारी शाळा सुटली की तो गाडीत बसायचा, दोंडाईच्याला उतरायचा आणि मिळाली तर कुणाची बैलगाडी, नाहीतर पायी घरी पोचायचा. घरी पोचून काय, तर यशोदा समोरून जायची, डोक्यावरचा पदर आणखी खाली ओढायची आणि आत नाहीशी व्हायची. दिवसा सगळ्यांदेखत नवराबायकोने बोलायचं नाही, अशी रीतच होती. रात्री बोलायला हरकत नव्हती, पण तेव्हा ती दिवसभराच्या कामाने पार थकलेली असायची आणि त्याला शब्द सुचायचे नाहीत. "पाणी देऊ का?" "नको." "गाडीला गर्दी व्हती?" "व्हती." एवढ्यात संसार चालला होता.

तिचा आवाज कसा आहे हेही त्याला धड ठाऊक नव्हतं. जाऊ सुंदरबाईशी ती बोलताना भिंतीपलीकडून कुजबुज ऐकू यायची, तेवढीच.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुटीत गिरधर एक मोठं काम घेऊन घरी आला. दोंडाईच्याचे रतिलाल शेठ नवा बंगला बांधत होते. त्यांच्या दिवाणखान्यासाठी शंतनू राजा आणि गंगा यांचं चित्र त्यांनी सांगितलं होतं. गिरधरला असलीच चित्रं आवडायची. राजे, अप्सरा, धबधबे, त्याने कधी न पाहिलेला हिमालय. चित्र काढायचं तर काहीतरी थोर काढावं, असं त्याला मनापासून वाटे. शाळेत पोरांकडून ठोकळे आणि घडे काढून घेता घेता तो वैतागलेला होता. सुटीत तरी मोठं काही करू, म्हणून त्याने पाण्याच्या रंगांची विलायती पेटी आणली होती आणि फळीवर मोठा कागद ताणून बसवला होता.

त्याने बैठक मारली ती मागच्या पडवीत. तिथे स्वयंपाकघराची एक खिडकी उघडायची. धाब्याच्या घराची भिंत हातभर जाड, म्हणून खिडकीचा कट्टाही ऐसपैस होता. आतून कुणी तिथे पाणी ठेवलं, की गिरधरने बाहेरून ते घ्यायचं. कुंचले धुवायचं पाणी यशोदाच ठेवायची. पितळी तांब्या यायचा, बांगड्या वाजायच्या, संपलं.

एका सकाळी तांब्याबरोबर एक वांगंही आलं. भरताचं, मोठं, पोपटी हिरवं, अंगावर पांढऱ्या रेघा. ताईबाईने ते भाजायला मागितलं होतं. यशोदाने पाणी ठेवताना हातातलं वांगं कट्ट्यावर टेकवलं, तेवढ्यात गाय सुटल्याची हाक आली आणि ती तशीच धावली.

गिरधर गंगेच्या पदरावर अडला होता. त्याने पाण्यासाठी मान वर केली आणि तो बघतच राहिला.

खिडकीत तिरका उजेड पडला होता. वांग्याच्या पोटावर उजेडाचा एक लांबट ठिपका पडला होता आणि त्या ठिपक्यात बघायला गेलं तर खिडकीची चौकटसुद्धा इवलीशी दिसत होती. देठाचा हिरवा रंग वेगळा, अंगाचा वेगळा. आणि शेजारच्या तांब्याने ते वांगं आपल्या पोटात घेतलं होतं, पितळेच्या पिवळ्यात हिरवी सावली वितळत होती. सावली काळी नव्हतीच मुळी. ती जांभळट होती आणि कडेला उबदार.

त्याने गंगेला बाजूला ठेवलं. कागदाचा एक तुकडा घेतला. आधी फिका पोपटी रंग पाण्यात पातळ करून अंगभर सोडला, उजेडाच्या ठिपक्याची जागा मात्र कोरडी राखली. पाण्याच्या रंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद सोडायचा असतो. हे तो पोरांना दरवर्षी सांगायचा. आज पहिल्यांदाच ते सोडणं त्याला गोड वाटलं. पहिला हात वाळला, तसा दुसरा गडद हात कडेने आला आणि वांगं कागदावरून उठून बसलं.

तांब्याला हात घालणार, तोच ताईबाई खिडकीत.

"कोठे गयं व वांगं? आठेच तं ठेयेल व्हतं!" तिने वांगं उचललं आणि मग पोराच्या मांडीवरचा कागद पाहिला. "हाई काय? तू वांगानं चित्र काढी ऱ्हायना? देवधरम सोडीसन वांगं?"

"आई, थोडा वेळ राहू दे ना."

"तुनं चित्र पोट भरस का?" म्हणून ती वांगं घेऊन गेली. थोड्याच वेळात परसात कपाशीच्या काड्या पेटल्या आणि वांगं भाजल्याचा वास पडवीत आला. दुपारी गिरधरने आपल्या अर्ध्या चित्राचा विषय भाकरीबरोबर खाल्ला. भरीत फार चांगलं झालं होतं, त्याला इलाज नव्हता.

तो कागद पडवीतच राहिला होता. संध्याकाळी झाडायला आलेल्या यशोदाने तो पाहिला. गिरधर दारातून बघत होता, हे तिला ठाऊक नव्हतं. ती वाकली, केरसुणी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि कागद उचलून उजेडाकडे धरला. मग बोटाने वांग्यावरचा तो पांढरा ठिपका हळूच शिवून पाहिला, ओला आहे का म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कट्ट्यावर तांब्या होता आणि शेजारी वांगं होतं. कालच्यासारखंच, देठ डावीकडे, पोट उजेडाला. तांब्यापासून अंतरही तेवढंच. आत सुंदरबाई विचारत होती, "मी तीन वांगा आनात ना? दोनच कशा?" आणि यशोदा काहीच बोलत नव्हती.

गिरधरने चित्र पूर्ण केलं.

मग ते सुरूच झालं. गिरधर घरी असला की सकाळी कट्ट्यावर काहीतरी मांडलेलं असायचं. कधी सुपात लाल मिरच्या, त्यात एकच हिरवी. कधी ताकाची रवी आणि तिच्या दोरीचा सैल पडलेला वेढा. कधी काळाकुळकुळीत तवा आणि त्याला टेकून पांढरा कांदा. ती कधी सांगायची नाही आणि तो कधी मागायचा नाही. चित्र झालं की तो कागद जात्यामागच्या कोनाड्यात ठेवायचा. पहाटे दळायला ती तिथेच बसायची. पुढच्या खेपेला तो कागद तिथे नसायचा, तिच्या पेटीत गेलेला असायचा.

एकदा जेवताना भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून तो सगळ्यांदेखत काहीतरी फटकन बोलला. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर एकच कारलं होतं. ना तांब्या, ना वाटी. नुसतं कारलं.

गिरधरने निमूटपणे ते काढायला घेतलं. कारल्याच्या अंगावर एकेक खवला, एकेका खवल्याला उजेड वेगळा आणि सावली वेगळी. सकाळपासून दुपार झाली, पाठ आखडली, तरी कारलं संपेना. आतून दोनदा तिने डोकावून पाहिलं. शेवटी चित्र झालं तेव्हा तो उठला, फडताळातून गुळाचा एक खडा आणला आणि कट्ट्यावर कारल्याला लागून ठेवून दिला.

खिडकीआडून हसण्याचा आवाज आला. दाबलेला, पदरात कोंबलेला, तरी खळखळून आलेला. आपल्या बायकोचं हसणं गिरधरने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

घरात मात्र कुरकुर वाढली होती. सुंदरबाईला ऐन वेळी वस्तू सापडायच्या नाहीत. "मनं सूप कोठे गयं? सकायपाईन सापडत नही!" ताईबाईला वाटायचं, घरात बाहेरचं काही शिरलंय. भिकन बाजारातून रागावून यायचा. "लोके माले इचारतस, मास्तरना वांगास्ना काय भाव शे? राजा-रानी काढाले शिकाडं ना तुले मुंबईले?"

"राजाही काढतोय, भाऊ," गिरधर म्हणायचा. आणि खरंच, अधूनमधून तो शंतनूकडेही वळायचा. गंगेच्या पायाशी एक घागर हवी होती. तसं त्याने कुणाला म्हटलं नव्हतं. पण चित्रात घागरीची नुसती पुसट रेघ मारून सोडलेली जागा पाहून यशोदाने घरातली तांब्याची घागर कट्ट्यावर आणून ठेवली. विहिरीवर आपटून तिच्या काठाला एक पोचा आला होता. गिरधरने पाहिली तशी काढली, पोच्यासकट.

चैत्रात चित्र पुरं झालं. ऊन असं, की कुंचला उचलायच्या आत रंग वाळायचा. कागदाखाली ओलं फडकं घालून त्याने शेवटचे हात दिले आणि गाडीत घालून चित्र दोंडाईच्याला नेलं.

रतिलाल शेठांनी ते दिवाणखान्यात टेकवून ठेवलं, चार पावलं मागे गेले, पुढे आले. त्यांचे दोन पाहुणेही बघायला उभे राहिले.

"मास्तर, चित्र मोठं झालंय. भिंत भरेल," शेठ म्हणाले.

"गंगा कशी वाटते?"

"गंगा चांगली आहे. देवी आहे, चांगलीच असणार." शेठ वाकले. "पण ही घागर! अहो, ही तर आत्ता उचलून कडेवर घ्यावी! काय तिची चकाकी, काय तिचा गळा! फक्त एक सांगा, गंगामाईच्या घागरीला पोचा कसा पडला?"

पाहुणे हसले. वाईट मनाने नव्हे; त्यांनाही घागर आवडली होती. एकाने तर बोट लावून पाहिलं. मग चहा आला आणि चहा संपेपर्यंत सगळे घागरीबद्दलच बोलत राहिले. शंतनूचं नाव कुणी काढलं नाही.

गिरधर उन्हातून घरी चालत आला. दोन वर्षं मुंबईत कशासाठी घालवली, हा एकच विचार डोक्यात होता. पडवीत आला तर कट्ट्यावर तीच घागर. यशोदाने ती चिंचेने लखलखीत घासली होती, तोंडाशी झेंडूचं एक फूल ठेवलं होतं. आपल्या घरातली घागर शेठच्या बंगल्यात जाऊन बसली, याचा तिला आनंद झाला होता आणि तो तिने मांडून ठेवला होता. आज ती खिडकीआड लपलीही नव्हती. तो काय सांगतो, हे ऐकायला उभी होती.

"हे आता बंद कर," गिरधर म्हणाला. "माझ्या चित्रांत तुझी भांडीकुंडी नकोत मला."

दिवसाउजेडी त्याने तिच्याशी बोललेले हे पहिले शब्द.

यशोदाने आधी फूल उचललं, मग घागर उचलली. ती गेल्यावर कट्ट्यावर घागरीच्या बुडाचा ओला गोल तेवढा राहिला आणि तोही लगेच वाळून गेला.

त्यानंतर कट्टा रिकामा राहिला. पाण्याचा तांब्या यायचा, पण तो नुसता पाण्याचा तांब्या असायचा. गिरधरला दोनच दिवसांत चूक कळली. पण ती कबूल कशी करायची, हे कळेना. त्याने एकदा स्वतःच गुळाचा खडा कट्ट्यावर ठेवला. ताईबाईने येता येता तो उचलला आणि मुंग्या होतील म्हणून ओरडली. पुढच्या खेपेला त्याला कळलं, की यशोदाला दिवस गेलेत, आणि वर्ष भरलं तरी तिचं जळगावला जाणं लांबलं. श्रावणात वना पाटील गाडी घेऊन आले आणि लेकीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी घेऊन गेले. जाताना तिने रीतीप्रमाणे नवऱ्याच्या पाया पडून निरोप घेतला. कोनाड्यात मात्र तिने आपल्या पेटीतली सगळी चित्रं काढून ठेवली होती. तुमचं तुम्हाला घ्या, असं.

गिरधर ती जळगावला घेऊन आला.

खोलीवर त्याने बाजारातून वांगं आणलं. तांब्या होताच. खिडकीत मांडलं, अंतर ठेवलं, उजेड बघितला आणि काढलं. चित्र बरोबर होतं. शाळेतल्या पोरांना दाखवण्याजोगं होतं. पण त्यात जीव नव्हता. त्याने वांगं इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं. दुसऱ्या दिवशी कांदे आणले. तेच.

शेवटी त्याने जुनी चित्रं काढून जमिनीवर पसरली आणि त्यांच्यात मांडी घालून बसला. बघता बघता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक चित्रात वस्तूची चांगली बाजू त्याच्याकडे वळवलेली होती. रवीची मूठ त्याच्याकडे, सुपाचं तोंड त्याच्याकडे, मिरच्यांतली ती एकटी हिरवी मिरची बरोबर तिथे, जिथे त्याची नजर आधी पडेल. पानात वाढताना बायका मीठ कुठे, लिंबू कुठे, भाजी कुठे, हे न विचारता जागच्या जागी वाढतात ना, तसं. ती त्याला वाढत होती. रोज काहीतरी नवं, त्याला आवडेल असं, कामाच्या रगाड्यातून वेळ काढून. आणि तो समजत होता, की पाहणारे डोळे फक्त आपलेच आहेत.

त्याने सगळी चित्रं पेटीत भरली. दिवाळीची सुटी लागल्या दिवशी तो निघाला, तो पिंपळखेड्याला न जाता नावेतून तापी ओलांडून थेट सासुरवाडीला गेला.

वना पाटील ओट्यावर बसले होते. उठून पुढे आले. "या, या, पाव्हना! बरा येळवर उनात. आंडेर व्हयनी तुम्हले. आठ रोज व्हयनात. दोन्ही मायलेकी बेस शेतस."

गिरधरला मुलगी झाली होती. त्याने पेटी ओट्यावर ठेवली. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नाही. त्यामुळे बाळ कापडात गुंडाळून बाहेर आणलं गेलं, त्याने ते पाहिलं, त्याला ते थोडं यशोदासारखं आणि थोडं रागावल्यासारखं वाटलं आणि मग बाळ परत आत गेलं. वना पाटलांनी कपाशीचं विचारलं, गाडीचं विचारलं. मग पेटीकडे बोट केलं. "इतली मोठी पेटी? काय आनं?"

गिरधरने पेटी उघडली. सासऱ्याने एकेक चित्र हातात घेतलं, लांब धरलं.

"हाई मनी यशोदानी ठेयेल शे," ते म्हणाले.

"तुम्ही कसं ओळखलं, आबा?"

"अरे, लहानपने तिनं असंच व्हतं. सांज व्हयनी का हाई खिडकीमा काय काय मांडे. दगड, चिंचोका, तुटेल बांगडी. तिनी माय वरडे, पसारा करस म्हनीसन. मी म्हने, ऱ्हाऊ दे, चांगलं दिखस." त्यांनी मिरच्यांचं चित्र गुडघ्यावर ठेवलं. "मी समजनू, सासरे गई ते सोडी दिधं व्हई."

गिरधर म्हणाला, "सोडलं नव्हतं, आबा. मी सोडायला लावलं. माझी चूक झाली."

हे तो मुद्दामच मोठ्याने बोलला. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी ओट्यावरच उघडत होती आणि तिला अर्धाच पडदा होता. आत बाळ कुरकुरलं, मग गप्प झालं.

त्याने सासूबाईंकडे बाळाच्या वस्तू मागितल्या. सासूबाईंना काही कळेना, पण जावयाने मागितलं म्हणून त्यांनी आणून दिलं. बाळगुटी उगाळायची सहाण, त्यावर वेखंडाचा तुकडा, दूध पाजायचं छोटं बोंडलं आणि कुंची. गिरधरने ते सगळं खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडलं, शाळेच्या तपासणीला पोरं उभी करतात तसं. रंगांची पेटी उघडली, कागद घेतला आणि कुंचला ओला करून बसून राहिला.

मग पडद्याखालून एक हात बाहेर आला. आठ दिवसांच्या बाळंतिणीचा, हळद लागलेला. हाताने कुंची उचलली, जराशी चुरगळली आणि सहाणेच्या मागे टाकली. बोंडलं फिरवून त्याची चोच गिरधरकडे केली. वेखंड तसंच राहू दिलं. मग हात थांबला.

"असं नही मांडतंस," आतून आवाज आला. "उजेड कोठून येस ते आधी देखो ना."

"चुकनं मनं," गिरधर म्हणाला. जळगावची आणि मुंबईची सगळी भाषा सोडून तो आईच्या बोलीत आला होता. "माले जमत नही. तूच ठेव."

"मंग ऱ्हाऊ देतंस का मनी भांडी तुम्हना चित्रमा?"

"तुनी भांडी नसतीत ते मनं चित्रच नही."

वना पाटील उठले, बैलांना पाणी दाखवायचं राहिलंय असं कुणाला तरी सांगितल्यासारखं पुटपुटले आणि निघून गेले. बैल रानात होते. गिरधरने कुंचला कागदाला टेकवला. हात अजून कट्ट्यावरच होता, म्हणून त्याने तोही काढला. हळदीचा पिवळा, त्यावर बांगडीची हिरवी झाक, आणि नखांवर उजेडासाठी कागद सोडला. "हालू नको," तो म्हणाला आणि ती खरंच हलली नाही.

बारशाला ताईबाई, भिकन आणि सुंदरबाई आली. वना पाटलांनी हौसेने सगळी चित्रं माजघरात मांडून ठेवली होती. गावातल्या बायका बघून जात होत्या. सुंदरबाई आत शिरली आणि जागीच थबकली.

"आते समजनं! हाई मनं सूप! हाई मनी रवी! तरीच माले येळवर काय बी सापडे नही!" ती यशोदाकडे वळली, कमरेवर हात ठेवून. "चोट्टी! माले सांगती तं मी बी आनी देती ना!"

ताईबाई मात्र एकेका चित्रासमोर उभी राहत होती. वांग्यापाशी आली, वाकून बघितलं. "हाई तं मीच भाजं व्हतं," ती म्हणाली. मग घागरीचं कच्चं चित्र, तवा, कांदा. सगळी तिच्याच घरातली भांडी, तीस वर्षं रोज हाताळलेली. शेवटच्या चित्रापर्यंत जाऊन ती परत फिरली. गिरधरला वाटलं, आता बोलणी बसणार.

"मनं जातं नही काढं का रे तू?" तिने विचारलं. आवाज इतका हळू होता, की आईचाच आहे का, असं त्याला क्षणभर वाटलं.

"काढीन ना, आई. गावी आलो की पहिलं तेच."

"जुनं शे ते. खुंटा बी तुटेल शे."

"तसंच काढीन."

ताईबाईने मान हलवली. मग पदर सावरला आणि तिचा नेहमीचा आवाज परत आला. "पोर तीन महिनानी व्हयनी का लई जाय इले जळगावले. मना घरमा भांडी ठिकानवर तं ऱ्हातीन!"

सगळ्या बायका हसल्या. यशोदाही हसली आणि तिने पदर तोंडाला लावला नाही.

माघात गिरधरने जळगावात दोन खोल्यांचं घर बघितलं. नशिराबादच्या रस्त्याला, पूर्वेकडे मोठी खिडकी असलेलं. शाळेत त्याने पोरांना सांगितलं, उद्यापासून ठोकळे बंद, घरून प्रत्येकाने आईला विचारून एक वस्तू आणायची. हेडमास्तरांनी भुवया उंचावल्या, पण वर्गात पानदान, खलबत्ता, कंदील असं काय काय येऊ लागल्यावर तेही अधूनमधून डोकावू लागले. त्याची चित्रं पुढे कुठे फार गाजली नाहीत. काही जळगावच्या घरांतून लागली, एक-दोन मुंबईच्या प्रदर्शनात जाऊन आली. राजे-महाराजे त्याने पुन्हा काढले नाहीत आणि त्याला त्याची चुटपुटही लागली नाही.

आणि यशोदा बोलायला लागली. इतकी, की शेजारच्या कमलबाईला वाटायचं या घरात रोज भांडण होतं. भांडण नसायचं; तांब्या दोन बोटं पुढे की मागे, यावर वाद असायचा.

एका रविवारी सावद्याकडच्या एका मित्राने केळ्यांची फणी पाठवली होती. हिरवट पिवळी, ताजी. गिरधरने लगबगीने कागद ताणला, रंग भिजवले. यशोदा मुलीला कडेवर घेऊन आली, केळी बघितली, फणी उचलली आणि फडताळात नेऊन ठेवली.

"आगे, मी रंग भिजाडात ना!"

"आज नही," ती म्हणाली. "दोन रोज थांबा. आजून ठिपका पडेल नहीत तिनावर."

गिरधरने भिजवलेल्या पिवळ्या रंगाकडे पाहिलं, फडताळाकडे पाहिलं आणि कुंचले धुवायला उठला.